१२१ पराभव: व्हाईट सॉक्सच्या मोसमाचा जाब कोणी द्यायचा? (२०२४ च्या मोसमाअखेरची चर्चा)

दक्षिण शिकागोकर (धागाकर्ता)

शिकागो व्हाईट सॉक्सचा २०२४ चा मोसम २९ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये एकदाचा संपला. ४१ विजय आणि १२१ पराभव. १९०० नंतरच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके सामने कोणत्याच संघाने गमावलेले नाहीत. आधीचा नकोसा विक्रम न्यूयॉर्क मेट्सच्या १२० पराभवांचा होता, पण १९६२ चे ते मेट्स त्याच वर्षी जन्माला आले होते आणि इतर संघांनी मोकळ्या केलेल्या खेळाडूंवर त्यांना मोसम काढावा लागला होता. व्हाईट सॉक्स १९०१ पासून अमेरिकन लीगमध्ये आहेत, देशातल्या तिसऱ्या मोठ्या शहरात आहेत आणि अवघ्या तीन वर्षांपूर्वी ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिले आले होते. ९३ वरून ४१ वर इतक्या लवकर कसे येता येते, हे आम्हा चाहत्यांनी एकेक पायरी उतरत पाहिले आहे.

जे बेसबॉल नियमित पाहत नाहीत त्यांच्यासाठी एवढे सांगतो की या खेळात सहा महिन्यांत १६२ सामने होतात, म्हणजे जवळजवळ रोज एक. एखाद्या पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, हात त्या दिवशी चांगला चालला की दुबळा संघही बलाढ्य संघाला हरवतो, त्यामुळे अव्वल संघसुद्धा दहापैकी चार सामने हरतात आणि तळाचे संघसुद्धा दहापैकी जवळजवळ चार जिंकतात. शंभर पराभव झाले की मोसम वाया गेला असे मानतात. आम्ही चारपैकी एकच सामना जिंकला, आणि तेही एप्रिल ते सप्टेंबर सातत्याने.

सुरुवातच ३ विजय आणि २२ पराभवांनी झाली. ज्यांच्या भरवशावर फलंदाजी उभी होती ते लुईस रॉबर्ट, योआन मोन्काडा आणि एलॉय हिमेनेझ हे तिघेही मोसमाच्या सुरुवातीलाच जखमी झाले. मोन्काडा तर वर्षभरात फक्त १२ सामने खेळू शकला. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सलग १४ पराभव झाले. त्यांपैकी २३ मेचा बाल्टिमोरविरुद्धचा सामना माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये (डावात) आम्ही ८-६ पर्यंत पोचलो होतो, दोन धावपटू बेसवर होते आणि एकच फलंदाज बाद झालेला होता. बेनिन्टेन्डीचा चेंडू आतल्या मैदानात उंच उडाला आणि पंचांनी नियमानुसार त्याला बाद दिले. इथवर ठीक होते. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) वाटेत आला, असे म्हणून त्यालाही बाद दिले आणि सामना तिथेच संपला. झेल तर घेतला गेलाच होता, मग अडथळा कसला झाला, हे मला आजही कळलेले नाही.

त्यानंतर १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१ पराभव झाले आणि १९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सने केलेल्या अमेरिकन लीगच्या विक्रमाची बरोबरी झाली. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ असा विजय मिळाला, आणि दोन दिवसांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेड्रो ग्रिफॉल यांना काढून टाकण्यात आले. तेव्हा या मोसमातला हिशेब २८-८९ असा होता. त्यांच्या जागी ग्रेडी साइजमोर या जुन्या क्लीव्हलंडच्या खेळाडूला हंगामी मॅनेजर नेमले. मॅनेजर म्हणून त्याला कसलाच अनुभव नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस आणखी एक १२ पराभवांची मालिका झाली.

आता मुद्द्यावर येतो. मला हरण्याचा राग येत नाही. २०१८ मध्ये याच संघाने १०० सामने गमावले होते आणि तरी आम्ही उन्हात बसून आनंदाने सामने पाहत होतो, कारण तेव्हा आम्हाला एक योजना सांगितली गेली होती. डिसेंबर २०१६ मध्ये संघाने आपला सर्वोत्तम पिचर क्रिस सेल बॉस्टनला दिला, ॲडम ईटन वॉशिंग्टनला दिला, पुढच्या जुलैत होसे किंताना गावातल्याच कब्सना दिला, आणि बदल्यात मोन्काडा, कोपेक, जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ, हिमेनेझ, डिलन सीज अशी गुणी तरुण मुले आणली. काही वर्षे कळ सोसा, मग दरवर्षी जेतेपदासाठी खेळू, असे आश्वासन होते. आम्ही कळ सोसली. २०२० मध्ये संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे जेतेपदाच्या बाद फेरीत, गेला, २०२१ मध्ये गट जिंकला, आणि आता सुरुवात झाली असे वाटत असतानाच सगळे थांबले.

थांबले यापेक्षा थांबवले गेले, असे म्हणणे अधिक खरे होईल. २०१९ च्या सुरुवातीला मॅनी मचाडो हा बाजारातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंपैकी एक मोकळा होता. त्याला खूश करण्यासाठी व्हाईट सॉक्सने त्याचा मेहुणा योंडर अलोन्सो आणि मित्र जॉन जे यांना संघात घेतले, पण पैशाची वेळ आली तेव्हा सॅन डिएगोने दिलेल्या ३० कोटी डॉलरच्या हमीपर्यंत जायची तयारी दाखवली नाही. व्हाईट सॉक्सने आजवर एकाही खेळाडूला १० कोटी डॉलरचा करार दिलेला नाही. संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार बेनिन्टेन्डीचा आहे, पाच वर्षांचे साडेसात कोटी. शिकागोसारख्या शहरातल्या संघाने हा आकडा सांगताना संकोचायला हवे.

त्यावर २०२० च्या प्लेऑफनंतर मॅनेजर रिक रेंटेरिया यांना काढून ७६ वर्षांच्या टोनी ला रूसा यांना आणले गेले. ला रूसा थोर आहेत, हॉल ऑफ फेममध्ये आहेत, यात वाद नाही. पण त्यांना आणण्याचे खरे कारण असे सांगितले जाते की १९८६ मध्ये त्यांना याच संघातून काढल्याची खंत मालक जेरी रेन्सडॉर्फ यांना आयुष्यभर होती. जून २०२२ मध्ये डॉजर्सविरुद्ध एक बॉल आणि दोन स्ट्राइक अशी स्थिती असताना, म्हणजे फलंदाज बाद होण्याच्या उंबरठ्यावर असताना, ला रूसा यांनी ट्रे टर्नरला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवले आणि पुढच्याच मॅक्स मन्सीने चेंडू थेट मैदानाबाहेर धाडून तीन धावांचा होमरन मारला. त्या वर्षी ८१-८१. पुढच्या वर्षी ६१-१०१. मग हे.

ऑगस्ट २०२३ मध्ये संघबांधणी पाहणारे केन विल्यम्स आणि रिक हान या दोघांना काढले, तेव्हा बाहेरून नवा विचार येईल असे वाटले होते. काही दिवसांतच संघातलेच क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणीचे प्रमुख, झाले. मॅनेजर बदलले, जनरल मॅनेजर बदलले, खेळाडू तर सगळेच बदलले. १९८१ पासून न बदललेली व्यक्ती एकच आहे, आणि ती पत्रकारांसमोर क्वचितच येते. तुम्हाला काय वाटते ते अवश्य लिहा.

पुण्याहून वाचक

लेख आवडला. मी क्रिकेट आणि फुटबॉल पाहणारा आहे, बेसबॉल फार कळत नाही, म्हणून दोन प्रश्न विचारतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये इतका वाईट खेळणारा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, तशी भीती इथे नसते का? आणि नसेल, तर इतका वाईट संघ चालवूनही मालकाला नुकसान कसे होत नाही?

दक्षिण शिकागोकर (धागाकर्ता)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच दडलेले आहे. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि कोणीही खाली जात नाही. राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न तिसांत वाटले जाते, शेवटचा आला म्हणून कोणाचा वाटा कमी होत नाही. वरून संघाची विक्रीची किंमत वाढतच राहते. रेन्सडॉर्फ यांच्या गटाने १९८१ मध्ये सुमारे २ कोटी डॉलरला घेतलेला हा संघ आज अब्जाहून अधिक डॉलरचा मानला जातो. मैदानात काय होते याचा त्या वाढीशी संबंध अगदी थोडा आहे.

म्हणून चाहत्याच्या हाती तिकीट घेणे किंवा न घेणे एवढेच उरते. ते यंदा लोकांनी करून दाखवले. उन्हाळ्यातल्या शनिवारीसुद्धा वरच्या मजल्यावर रांगाच्या रांगा रिकाम्या असायच्या. २४ सप्टेंबरला संघ १२० पराभवांसह घरी परतला तेव्हा एंजल्सविरुद्धच्या सामन्यात उरलेल्या प्रेक्षकांनी मालकांना उद्देशून ‘संघ विका’ अशा घोषणा दिल्या. काही जण तर विक्रम मोडताना प्रत्यक्ष पाहायलाच आले होते. त्या रात्री आठव्या इनिंगमध्ये आमच्या पोरांनी पिछाडी भरून काढून ३-२ असा सामना जिंकला. सात इनिंग झाल्यावर मागे असताना जिंकण्याची या मोसमातली ती पहिली वेळ होती. पुढचे दोन सामनेही जिंकले. विक्रम अखेर २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला.

ज्यांनी तो अपमान घरच्या मैदानावर होऊ दिला नाही, त्या खेळाडूंविषयी माझ्या मनात आदर आहे. ते या परिस्थितीचे कारण नाहीत. त्यांच्यातले कित्येक जण अजून वर्षभर खालच्या लीगमध्ये शिकायला हवे होते आणि त्यांना इथे रोज उभे केले गेले.

ओकलंडप्रेमी

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे राहतो. तुमच्या संघाची २१ पराभवांची मालिका आमच्याच मैदानात संपली, आणि खरे सांगतो, त्या दिवशी मला वाईट वाटले नाही. पण तुमचा धागा वाचताना राहवले नाही म्हणून लिहितो आहे.

२६ सप्टेंबरला ओकलंड ए’ज या आमच्या संघाचा कोलिझियम या मैदानातला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ प्रेक्षक होते, टेक्ससला ३-२ ने हरवले. १९६८ पासून संघ इथे होता. चार वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचे अंतिम जेतेपद, जिंकला. पुढच्या वर्षी तो सॅक्रामेंटोच्या एका मायनर लीग (खालच्या श्रेणीच्या) मैदानात खेळणार आणि नंतर लास वेगासला जाणार. आमच्या मालकांनी आधी चांगले खेळाडू विकले, मग तिकिटे महाग केली, मग प्रेक्षक येत नाहीत असे कारण दाखवून संघ हलवायची परवानगी मिळवली. २०२२ मध्ये १०२ आणि २०२३ मध्ये ११२ पराभव झाले, तेही त्याच वाटेवरचे. २०२३ च्या जूनमध्ये चाहत्यांनी ठरवून मैदान भरवले, ‘विका’ असे लिहिलेले शर्ट घालून आले, आणि तरीही काही फरक पडला नाही.

तिकीट न घेणे हेच चाहत्याचे अस्त्र आहे असे तुम्ही लिहिले आहे. आमच्याकडे तेच अस्त्र आमच्यावर उलटले. म्हणून माझी विनंती आहे की तुमच्या मैदानाच्या भाडेकराराकडे लक्ष ठेवा.

दक्षिण शिकागोकर (धागाकर्ता)

तुमचे दुःख आमच्यापेक्षा मोठे आहे, हे मनापासून मान्य करतो. आणि तुम्ही दाखवलेली भीती आमच्याकडे जुनी आहे. १९८८ मध्ये रेन्सडॉर्फ यांनी संघ फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला नेण्याची तयारी केली होती. ३० जूनच्या मध्यरात्री मुदत संपत असताना इलिनॉयच्या विधिमंडळात घड्याळ थांबवून मैदानासाठीचा निधी मंजूर केला गेला, तेव्हा संघ राहिला. त्या निधीतून उभे राहिलेले मैदान १९९१ मध्ये सुरू झाले, आणि त्याचा करार २०२९ मध्ये संपतो.

या फेब्रुवारीत, म्हणजे १०१ पराभवांचा मोसम संपून चार महिने झाले असताना, रेन्सडॉर्फ पुन्हा राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, गेले आणि शहराच्या मध्यभागाजवळच्या एका मोकळ्या जागेवर नव्या मैदानासाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा सार्वजनिक पैसा मागितला. त्याआधी डिसेंबरमध्ये नॅशव्हिलच्या महापौरांशी त्यांची भेट झाल्याची बातमी आली होती. संघाची ही अवस्था असताना करदात्याकडे पैसे मागणे मला खेळातल्या कोणत्याही पराभवापेक्षा जास्त लागले. त्याच करदात्यांत आम्ही आहोत, रेड लाइन या लोकल रेल्वेच्या ३५ व्या रस्त्यावरच्या स्थानकावर उतरून सामन्याला जाणारे दक्षिण भागातले कामगार आहेत, आणि उपनगरांतून मुलांना घेऊन येणारी आपली मराठी कुटुंबेही आहेत.

नेपरव्हिलकर

थोडी दुसरी बाजू मांडतो. मीही व्हाईट सॉक्सचाच चाहता आहे, पण सगळे मालकांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. २००५ ची वर्ल्ड सिरीज याच मालकांच्या काळात जिंकली. ८८ वर्षांनी जिंकली, आणि त्या प्लेऑफमध्ये १२ पैकी ११ सामने जिंकले. कोनर्कोचा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होमरन) आणि त्याच सामन्यात पॉडसेडनिकने शेवटी मारलेला होमरन आठवून अजूनही अंगावर काटा येतो. यंदा मुख्य फलंदाज जखमी झाले, एका धावेने कितीतरी सामने गेले, नशिबाने साथ दिली नाही. गेट्झ यांना येऊन जेमतेम एक वर्ष झाले आहे. कब्सनी २०१२ मध्ये १०१ सामने गमावले आणि २०१६ मध्ये ते विजेते झाले. ह्यूस्टनने २०१३ मध्ये १११ गमावले आणि २०१७ मध्ये जिंकले. पुनर्बांधणीला वेळ लागतो.

दक्षिण शिकागोकर (धागाकर्ता)

२००५ चे श्रेय मी कधीच नाकारणार नाही. तो संघ आणि तेव्हाचे मॅनेजर ओझी गियेन यांचे नेतृत्व माझ्यासाठी या खेळातले सर्वोच्च सुख आहे. पण नशिबाचा मुद्दा आकड्यांपुढे टिकत नाही.

व्हाईट सॉक्सने यंदा ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांवरून संघाने किती सामने जिंकायला हवे होते हे काढण्याचे एक जुने आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह सूत्र आहे. केलेल्या धावांच्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागायचे. ते इथे लावले की साधारण ४५ विजय येतात. म्हणजे दुर्दैवाच्या खात्यावर फार तर चार सामने टाकता येतील. दैव पूर्ण बाजूने असते तरी ११७ पराभवांच्या आसपासचा संघ होता. ३०६ धावांची तूट दोन-तीन जखमांनी पडत नाही. राखीव फळी रिकामी असली, आठव्या इनिंगमध्ये आघाडी सांभाळणारे पिचर नसले, आणि जुन्या खेळाडूंना स्वस्तात गोळा करून जागा भरल्या, की ती पडते.

कब्सचे उदाहरण तुम्ही दिले ते बरे झाले, कारण फरक नेमका तिथेच आहे. तरुण खेळाडू तयार होत आहेत असे दिसताच कब्सनी डिसेंबर २०१४ मध्ये जॉन लेस्टर या पिचरला साडेपंधरा कोटी डॉलरचा करार दिला आणि उरलेल्या जागा भरल्या. पुनर्बांधणीचा पूर्वार्ध हरण्याचा असतो आणि उत्तरार्ध खर्चाचा. आमच्याकडे पूर्वार्ध प्रामाणिकपणे झाला, उत्तरार्धाची वेळ आली तेव्हा तिजोरी बंद झाली. आणि ज्यांना दिले ते कुठे आहेत पाहा. क्रिस सेलने यंदा अटलांटासाठी १८ सामने जिंकले. आम्ही टिकवू न शकलेला रेनाल्डो लोपेझही त्याच संघात यंदा ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एक, झाला. आणि फर्नांडो टाटिस ज्युनियर या १७ वर्षांच्या मुलाला २०१६ मध्ये जेम्स शील्ड्स नावाच्या उतरणीला लागलेल्या पिचरसाठी सॅन डिएगोला देऊन टाकले होते, ते लिहितानाही हात जड होतो.

मिशिगनवासी

मी ॲन आर्बरला असतो आणि टायगर्सचा चाहता आहे. २७ सप्टेंबरच्या रात्री आमचा ४-१ असा विजय झाला, तुमचा १२१ वा पराभव झाला आणि आमचा दहा वर्षांनंतर प्लेऑफमधला प्रवेश नक्की झाला. मैदानात जल्लोष चालू असताना तुमच्या खेळाडूंच्या डगआउटकडे (बसायच्या जागेकडे) पाहवत नव्हते, कारण आम्हीही तिथे बसलेलो होतो.

२००३ मध्ये टायगर्सनी ११९ सामने गमावले. शेवटच्या सहापैकी पाच जिंकले म्हणून मेट्सचा विक्रम वाचला. तीन वर्षांनी, २००६ मध्ये, हाच संघ वर्ल्ड सिरीजमध्ये होता. मधे काय झाले ते सांगतो. २००४ च्या फेब्रुवारीत इव्हान रॉड्रिगेझसारखा नामांकित कॅचर चार वर्षांच्या चार कोटी डॉलरच्या करारावर आला. ११९ सामने हरलेल्या संघात कोण येणार, असे सगळे म्हणत होते. मालक माइक इलिच यांनी पैसे देऊन त्याला आणले, आणि एक आला म्हणून बाकीचे आले. वर्षभराने साडेसात कोटींच्या करारावर मॅग्लिओ ओर्डोन्येझ आला, जो तोवर तुमच्याच संघाचा तारा होता. त्यानेच २००६ मध्ये ओकलंडविरुद्ध होमरन मारून आम्हाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेले. आणि २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर आम्हाला जस्टिन व्हर्लँडर मिळाला. इतक्या वाईट मोसमानंतर संघ उठू शकतो, एवढेच सांगायचे आहे.

पुण्याहून वाचक

म्हणजे सर्वांत वाईट संघाला पुढच्या वर्षी सर्वांत चांगला नवा खेळाडू मिळतो. मग तुम्हालाही पहिली निवड मिळेलच की?

दक्षिण शिकागोकर (धागाकर्ता)

नाही, आणि या मोसमातली सर्वांत कडू गोष्ट हीच आहे. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून २०२२ च्या करारात ड्राफ्टच्या पहिल्या सहा जागांसाठी सोडत सुरू झाली. त्यातच अशी अट आहे की ज्या संघांचे उत्पन्न मोठे आहे आणि जे इतरांना वाटा देतात, त्यांना सलग दोन वर्षे सोडतीत जागा मिळू शकत नाही. व्हाईट सॉक्सना यंदा सोडतीतून पाचवी निवड मिळाली होती आणि त्यातून हेगन स्मिथ हा डावखुरा पिचर घेतला गेला. त्यामुळे १९०० नंतरचे सर्वाधिक पराभव पदरात घेऊनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आम्हाला दहाव्या क्रमांकाच्या आधी निवड मिळणार नाही.

नियम मला चुकीचा वाटत नाही. मोठ्या शहरातल्या संघाने हरून फायदा घेऊ नये, हे योग्यच आहे. पण याचा अर्थ असा की १२१ पराभवांच्या बदल्यात आम्हाला काहीही मिळालेले नाही. टायगर्सच्या ११९ पराभवांतून निदान व्हर्लँडर निघाला. कायदा आम्हाला मोठा संघ समजतो, मालक मात्र लहान गावच्या संघासारखा खर्च करतात, आणि दोन्हींचा तोटा चाहत्यांच्या वाट्याला येतो.

नेपरव्हिलकर

हा नियम मला माहीत नव्हता, आणि सूत्राचा मुद्दाही पटला. नशिबाविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो. पण मिशिगनवासींनी सांगितलेल्या वाटेविषयी विचारतो. आपल्याकडे गॅरेट क्रोशे आहे. यंदा पहिल्यांदाच सुरुवातीचा पिचर म्हणून खेळला, १४६ इनिंगमध्ये २०९ फलंदाज स्ट्राइकआउट केले, ऑल-स्टार झाला. २०२६ च्या अखेरपर्यंत तो आपल्याकडे आहे. त्याला ठेवून भोवती संघ बांधावा, की या हिवाळ्यात त्याला देऊन तरुण खेळाडू घ्यावेत?

दक्षिण शिकागोकर (धागाकर्ता)

माझे मन त्याला ठेवावे असे म्हणते. तो चेंडू टाकायचा त्या दिवशी सामना बघावासा वाटायचा, आणि माझ्या मुलीला स्ट्राइकआउट मोजायला त्यानेच शिकवले. पण ठेवायचे असेल तर आत्ताच लांबचा करार द्यायला हवा, आणि १० कोटींचा उंबरा न ओलांडणारे मालक तो देतील यावर माझा विश्वास नाही. तसे असेल तर दोन वर्षांनी रिकाम्या हाताने त्याला जाऊ देण्यापेक्षा आत्ता, त्याची किंमत सर्वाधिक असताना, देणे भाग आहे. अट एकच असावी. जुलैमध्ये फेडी, कोपेक आणि टॉमी फॅम या तिघांना एकाच सौद्यात देऊन हाती फार थोडे आले, तसे पुन्हा होऊ नये. क्रोशेच्या बदल्यात निदान एक असा कॅचर किंवा शॉर्टस्टॉप यावा जो मायनर लीगच्या वरच्या पायरीवर पोचलेला आहे आणि २०२५ मध्येच मैदानात दिसेल. केवळ १८-१९ वर्षांची मुले घेऊन आणखी पाच वर्षे थांबा असे सांगितले, तर ऐकून घेणारे फार थोडे उरतील.

त्याआधी मॅनेजर नेमायचा आहे. गेट्झ बाहेरचा माणूस शोधत असल्याचे सांगतात. तो खरोखर बाहेरचा असावा, मालकांच्या जुन्या ओळखीतला नसावा, आणि त्याच्यासोबत खेळाडू घडवणारे प्रशिक्षकही नवे यावेत. यंदाचा कॅन्सस सिटीचा संघ पाहा. २०२३ मध्ये त्यांनी १०६ सामने गमावले होते. हिवाळ्यात सेथ लुगो आणि मायकेल वाका हे दोन पिचर पैसे मोजून आणले, बॉबी विट ज्युनियरला २८ कोटींहून मोठा, ११ वर्षांचा करार दिला, आणि यंदा ८६ सामने जिंकून ते प्लेऑफमध्ये गेले. शहर आमच्यापेक्षा कितीतरी लहान, गट तोच, आणि ग्रिफॉल व गेट्झ दोघेही आमच्याकडे आले ते तिथूनच.

तिकिटांचे विचाराल तर पूर्ण मोसमाचे पास मी या हिवाळ्यात घेणार नाही. मॅनेजर कोण येतो आणि क्रोशेचे काय होते ते पाहून मार्चमध्ये ठरवीन. ओकलंडप्रेमींनी दिलेला इशारा लक्षात ठेवून, मैदानाच्या निधीचा विषय विधिमंडळात पुन्हा येईल तेव्हा आपापल्या भागातल्या आमदारांना पत्र लिहिण्याविषयी मी याच धाग्यावर कळवीन. ज्यांना त्यात सहभागी व्हायचे असेल त्यांनी खाली तसे लिहावे.